हात शांत, मन मोकळं

रोलरदादांना ऐकू येत नाही, ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती आणि ते माणूस म्हणजे त्यांची बायको. तिने ती कुठे फोडली नाही. नवऱ्याची अब्रू हे एक कारण झालंच. पण खरं कारण असं, की नोकरी गेली तर हे दिवसभर घरी बसणार, आणि घरी बसलेल्या बहिऱ्या माणसाशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओरडून बोलण्याइतका दम तिच्या घशात नव्हता.

दादा ज्या धुलाईच्या कारखान्यात होते, तिथे शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायला येत. हॉलच्या एका टोकाला माणसापेक्षा उंच धुण्याची यंत्रं, मधे पिळणारी आणि सुकवणारी, आणि दुसऱ्या टोकाला दादांचा रोलर. वाफेवर तापलेला, भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब. दोन बायका एका बाजूने ओलसर चादर लावायच्या आणि दुसऱ्या बाजूने ती कडक, सपाट होऊन बाहेर यायची. या रोलरपाशी दादा सव्वीस वर्षं उभे होते, म्हणून ते रोलरदादा. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर फारशी आली नाही.

हॉलमधला आवाज असा, की आपण शिंकलो हे माणसाला नाक पुसताना कळायचं. तिथे तोंडाने बोलण्यात अर्थच नव्हता. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. हे कुणी शिकवलं नव्हतं, कुणी ठरवलंही नव्हतं. अंगठा तोंडाकडे वाकवला की चहा. कॉलर ताठ केल्यासारखी केली की साहेब येताहेत. दोन मुठी एकमेकींपासून ओढल्या की चादर फाटलीय. आणि दोन बोटं दुसऱ्या हाताच्या मनगटावर दोनदा आपटली की रोलरची लाल दांडी अडकतेय. ही दांडी रोलरच्या तोंडाशी आडवी बसवलेली होती. हात आत ओढला जातोय असं वाटलं की ती ढकलायची, रोलर जागच्या जागी थांबतो. मनगटावर बोटं दिसली की फिटर हातातला चहा टाकून यायचा. कागद नाही, सही नाही, दहा मिनिटांत दांडी सुतासारखी सरळ.

या हातांच्या बोलण्यात कामाचं एक आणि बिनकामाचं दहा असायचं. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कुणाची नणंद राहायला येऊन जायचं नाव काढत नाही, मालकांनी केस काळे केले ते कपाळावर कसे उतरलेत, सगळं ऐंशी फुटांवरून, मालक शेजारी उभे असताना. दादा त्यात पटाईत होते. कान हळूहळू गेले, आधी बारीक आवाज, मग बायको, मग सगळंच, आणि कुणाला पत्ता लागला नाही. तिथे कानांचं काम होतंच कुणाला?

वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. नर्स कानांवर यंत्र चढवायची आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायची. आवाज सोडताना तिचा खांदा किंचित हलतो, हे दादांनी हेरलं होतं. खांदा हलला की ते बटण दाबत. नऊ वर्षं त्यांनी अशी सगळ्या वैद्यकशास्त्राच्या डोळ्यांत धूळ फेकली, असं निदान त्यांना वाटत होतं.

मग मालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. तिथे त्यांना कळलं, की ज्या कारखान्यात माणसं एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात तो कारखाना भरभराटीला येतो. सव्वीस वर्षं त्यांच्या नाकासमोर चाळीस माणसं अखंड बोलत होती, पण ते त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी एक अधिकारी नेमला. कारखान्यात त्याचं नाव पहिल्याच दिवशी संवादसाहेब पडलं.

संवादसाहेबांना घनदाट दाढी होती आणि आवाज अत्यंत मऊ. बोलताना ते एक हात छातीवर ठेवत, म्हणजे हृदयातून येतंय हे समोरच्याला कळावं. दादांच्या दृष्टीने हा माणूस म्हणजे संकट होतं. दाढीत ओठ दिसत नव्हते.

दर बुधवारी जेवणानंतर अर्धा तास यंत्रं बंद करून सगळ्यांनी गोल करून बसायचं, असं साहेबांनी जाहीर केलं. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पहिल्या बुधवारी यंत्रं थांबली आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की वीज गेली का म्हणून एक-दोघांनी दिव्यांकडे पाहिलं.

"मनात येईल ते बोला," साहेब म्हणाले. "इथे कुणीही लहान नाही, कुणीही मोठं नाही."

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. घडीच्या टेबलावरच्या दोघीजणी अकरा वर्षं एकमेकींना घरातलं सगळं इत्थंभूत सांगत आल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी एकमेकींचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला आणि दोघी नव्या नवरीसारख्या लाजल्या. शेवटी धुण्याच्या यंत्रावरचा एकजण उठून म्हणाला, "साहेब, यंत्र चालू करू का? पाणी थंड होतंय." साहेबांनी वहीत लिहिलं, कर्मचारी सुरुवातीला संकोचतात.

तिसऱ्या बुधवारपर्यंत माणसं सरावली आणि गोलात बसल्या बसल्या सवयीने हात चालवू लागली. एकाने हनुवटीखाली तीन बोटं हलवली. ही साहेबांच्या दाढीसाठी नवीनच काढलेली खूण होती आणि तिच्यात बकरीचा संबंध होता. अर्धा गोल खुसखुसला. साहेबांनी हसतमुखाने विचारलं, "याचा अर्थ काय? आम्हालाही कळू द्या." कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

साहेब हसले, पण दुखावले. खाणाखुणा म्हणजे पाठीमागचं बोलणं, आणि पाठीमागचं बोलणं हा मोकळेपणाचा शत्रू, असं त्यांनी मालकांना पटवलं. दोनच दिवसांत फळ्यावर सूचना लागली. हॉलमध्ये हातवारे बंद. ज्याला जे सांगायचं असेल त्याने ते काचेच्या खोलीत, म्हणजे संवाद कक्षात, नेमलेल्या श्रोत्याला तोंडाने सांगावं. श्रोत्याने योग्य वाटेल ते साहेबांच्या कानावर घालावं. फिटरला ताकीद मिळाली, की कार्यालयातून चिठ्ठी आल्याशिवाय कुठल्याही यंत्राला पाना लावायचा नाही. आणि कक्षाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आली: हात शांत, मन मोकळं.

राहिला प्रश्न श्रोत्याचा. गोलात बसलेलं कुणी बोलू लागलं की बाकीचे घड्याळाकडे बघत, जांभया देत. एकटे दादा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून बघत. मधे बोलत नसत. ओठ थांबले की हळूच मान डोलावत. ओठांवरून जेवढं उचलता येईल तेवढं उचलण्याची त्यांची ही धडपड होती. साहेब मात्र ती बघून विरघळले. पुढच्या बुधवारी त्यांनी दादांना मधोमध उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि एक प्रमाणपत्र हातात दिलं. प्रमाणपत्र कशाचं आहे ते दादांना वाचल्यावर कळलं. सर्वोत्कृष्ट श्रोता.

घरी बायकोने तो कागद वाचला आणि तिला पलंगावर बसावं लागलं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने दादांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"दूध उतू जातंय म्हणून मी सकाळी तीनदा ओरडले," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "आणि यांना म्हणे ऐकण्याचं बक्षीस."

"नाही म्हणू का त्यांना?"

"काय सांगून नाही म्हणणार?"

खरं सांगितलं तर बहिऱ्या माणसाला रोलरपाशी कोण ठेवील? निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. दादांनी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही, ते गाढ झोपले. सकाळी उठून दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि काचेच्या खोलीत जाऊन बसले. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. गादीची खुर्ची होती, टेबल होतं, पाण्याचा तांब्या होता. सव्वीस वर्षं वाफेत उभं राहिलेल्या माणसाला थंड खोलीत बसायला मिळालं की त्याची सदसद्विवेकबुद्धी थोडी पेंगते.

माणसं येऊ लागली. खुर्चीत बसायची, बोलायची, डोळे पुसायची, जायची. दादांनी या कामाची रीत बसवली. समोरचा श्वास घ्यायला थांबला की एकदा मान. आवंढा गिळला की दोनदा. डोळे भरले की पाण्याचा पेला पुढे. मग वहीत नोंद. वहीत तीनच रकाने होते: तारीख, वेळ, मन मोकळं झालं का. काय बोलणं झालं याला रकाना नव्हता. गोपनीयता म्हणून. दादा तिसऱ्या रकान्यात 'हो' लिहीत. शनिवारी साहेब दारातून डोकावून अंगठा वर करत, दादाही अंगठा वर करत, आणि आठवड्याचा संवाद पुरा होई.

माणसांना बरं वाटायचं, हे खोटं नाही. आपलं बोलणं न तोडता ऐकणारं माणूस त्यांना घरीदारी कुठे भेटलं नव्हतं. धुण्याच्या यंत्रावरच्या एकाने बायकोपाशी दादांची इतकी स्तुती केली, की तिनेही भेटायला येऊ का म्हणून विचारलं. आधी महिन्याला तीस-एक तक्रारी कार्यालयात यायच्या, त्या शून्यावर आल्या. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर आलेख लागला. मालकांनी येऊन दादांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीतरी बोलले. दादांनी दोनदा मान डोलावली.

रोलरला चादर लावणारी एक मुलगी होती, तिला सगळे चिमटी म्हणत. चादरीची दोन्ही टोकं ती अशी चिमटीत धरायची, की आत जाताना कापडाला एक सुरकुती पडत नसे. दादांनीच तिला शिकवलं होतं. हॉलमध्ये सगळ्यांत जास्त हात तिचे चालायचे, आणि त्यांतला निम्मा मजकूर सासूबद्दल असायचा.

एका मंगळवारी ती काचेच्या खोलीत आली. हात आपोआप उठायचे म्हणून ते मांड्यांखाली दाबून बसली. बोलू लागली ती मान वळवून, बाजूच्या काचेपलीकडे रोलरकडे बघत. दादांना तिचा गाल दिसत होता आणि कान दिसत होता, ओठ दिसत नव्हते. इकडे बघून बोल, असं म्हणायला हवं होतं. पण श्रोत्याने मधे बोलायचं नसतं, आणि आपलं बिंग फुटेल ही धास्ती होतीच. सासूचंच असणार, दादांनी ठरवून टाकलं. तीन वेळा मान डोलावली. ती थांबली, त्यांच्याकडे वळली आणि तिच्या ओठांवर त्यांना स्पष्ट वाचता आलं, "तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं, दादा." त्यांनी वहीत 'हो' लिहिलं.

शुक्रवारी दुपारी दादा पाटीकडे तोंड करून वही आखत बसले होते. हॉलमध्ये किंकाळी उठली. यंत्रांच्या त्या गदारोळातही ती धुण्याच्या टोकापर्यंत ऐकू गेली, फिटर धावला, त्याने मुख्य वीज तोडली. सगळी यंत्रं थांबली. दादांनी आखणी पुरी केली, पट्टी पुसून ठेवली, पाणी प्यायला वळले, तेव्हा त्यांना काचेपलीकडे रोलरपाशी जमलेल्या पाठी दिसल्या.

चिमटीचा डावा हात गेला नाही, बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. लाल दांडी तिने ढकलली होती. पहिल्या ढकलण्याला ती लागली नाही.

संध्याकाळी दादा इस्पितळात गेले. पलंगावरची चादर आपल्याच रोलरखालून निघालेली आहे, हे त्यांना घडीवरून कळलं. चिमटीचा डावा हात कोपरापर्यंत पांढरा गुंडाळलेला होता. दादांना बघून तिने उजव्या हाताची दोन बोटं उचलली आणि बँडेजच्या कडेवर, मनगट जिथे असतं तिथे, अलगद दोनदा टेकवली. मग त्यांतलं एक बोट आपल्या ओठांना लावलं आणि दादांकडे दाखवलं.

दादांना आता उमगलं. मंगळवारी तिने हे सांगितलं होतं. मांड्यांखाली दाबून ठेवलेले हात जर त्या दिवशी तिने उचलले असते, तर दादांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळलं असतं. त्यांनी आपल्या कानावर बोट ठेवलं आणि तळहात आडवा फिरवला. काही नाही. मग नऊ बोटं दाखवली. नऊ वर्षं. चिमटीने तोंड भिंतीकडे केलं. त्यांना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "साहेब, मला ऐकू येत नाही. ती सांगून गेली होती, मला कळलंच नाही. मला काढायचं तर काढा, पण ती दांडी आजच्या आज दुरुस्त करा."

साहेबांनी हात छातीवर ठेवला नाही. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली, कोरा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं: 'बसा.' साहेब दादांना समजेल अशा रीतीने बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

फाइलमध्ये तपासणीचे कागद होते, वर्षावर्षाचे, नीट लावलेले. एकावर नर्सने लिहिलं होतं: 'यंत्र बंद ठेवून पाहिले. तरी अकरा वेळा बटण दाबले. दोन्ही कान निकामी.' त्यावर कार्यालयाचा शिक्का होता. शेवटचा कागद दादांच्या नेमणुकीचा. त्याच्या तळाशी साहेबांच्या वळणदार अक्षरात शेरा होता: 'या कामास सर्वांत योग्य. गोपनीयतेची पूर्ण खात्री.'

दादांनी ती ओळ दोनदा वाचली. साहेबांनी तोवर दुसरा कागद लिहून पुढे सरकवला होता. 'झालं ते वाईट झालं. चूक तिच्या हातून झाली, असं अहवालात येईल. आपल्यातली गोष्ट आपल्यातच राहू द्या. तुमची पाच वर्षं सुरक्षित आहेत.'

दादांनी सवयीने मान डोलावली. डोलावल्यावर त्यांना कळलं की आपण मान डोलावली. त्यांनी नेमणुकीचा कागद फाइलमधून काढला, घडी घालून खिशात टाकला आणि बाहेर पडले. साहेब मागून काही म्हणाले असतील तर ते त्यांना ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता.

हॉलमध्ये सगळी यंत्रं चालू होती, रोलरसुद्धा. चिमटीच्या जागी दुसरी बाई उभी केलेली होती. दादा घडीच्या टेबलावर चढले. पंचावन्न वर्षांच्या माणसाने टेबलावर चढायचं म्हणजे आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कुणाच्या तरी खांद्याला धरून. उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. महिनाभर बंद असलेली भाषा बघून चाळीस माणसांच्या माना वळल्या.

त्यांनी आधी स्वतःचं सांगितलं. कानावर बोट, आडवा तळहात, नऊ बोटं. तुम्ही जे जे बोललात त्यातलं मला काहीएक कळलेलं नाही. समोर बसून रडून गेलेले कितीतरी चेहरे उतरले, काही लाल झाले. धुण्याच्या यंत्रावरच्या त्या माणसाने हातातली बादली आपटली. दादा थांबले नाहीत. चिमटी सांगून गेली, मी मान डोलावली. मग हनुवटीखाली तीन बोटं, म्हणजे साहेब, मग डोक्यावर बोट, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. खिशातला कागद काढून त्यांनी खाली दिला. तो हातोहात फिरू लागला. शेवटी दोन बोटं मनगटावर आपटली, दोनदा, आणि परत दोनदा.

फिटर पुढे आला. त्याच्या हातात पाना होता, तो त्याने खाली ठेवला, कारण बोलायला दोन्ही हात लागणार होते. मलाही सांगितलं होतं तिने, तो हातांनी म्हणाला. मी चिठ्ठीची वाट बघत बसलो. मग त्याने जाऊन रोलर बंद केला. सुकवणाऱ्याने आपलं यंत्र बंद केलं, पिळणाऱ्याने आपलं. एकेक करत सगळी यंत्रं थांबली आणि शांततेत फक्त हात चालू राहिले. कुणी दादांना शिव्या देत होतं, कुणी साहेबांना, कुणी इस्पितळात कोण कधी जाणार ते ठरवत होतं, एकजण दादांना टेबलावरून उतरायला हात देत होता. दादांना सगळं कळत होतं. शिव्या तर फारच नीट.

साहेब धावत आले. ते गोलाच्या कडेला उभे राहिले, या हातांकडून त्या हातांकडे बघू लागले. बुधवार नव्हता, खुर्च्या नव्हत्या, आणि चाळीस माणसं एकाच वेळी मनात येईल ते बोलत होती. त्यांना त्यातलं एक अक्षर कळेना.

"काय चाललंय काय?" त्यांनी फिटरला विचारलं. "काय बोलताहेत हे सगळे?"

फिटर रोलरखाली आडवा झाला होता. लाल दांडीचा स्क्रू काढता काढता तो म्हणाला, "तुम्ही नुसती मान डोलवा, साहेब. तेवढं पुरतं."

आणि साहेबांनी, काय करावं ते न सुचून, खरोखरच मान डोलावली.